काहीच न येणारे उस्ताद

"तुमाला काय काय येत न्हाई?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हैदराबादहून तीन महिन्यांचं शिक्षण घेऊन नुकताच जालन्याच्या स्टेशनावर उतरलो होतो. पिशवीत सदर दफ्तराच्या, म्हणजे मुख्य कचेरीच्या, शिक्क्याचा कागद होता आणि त्यावर उर्दूत लिहिलं होतं की, उमेदवार डोळे बांधून दोराच्या एकवीस गाठी मारू शकतो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "तसं काही नाही, साहेब. सगळं येतं."

त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं. "मंग अवघड हाय," असं म्हणून ते माझी वळकटी उचलायला वाकले आणि तिची दोरी त्यांनी अशी काही धरली की माझी सतरंजी, तांब्या, आरसा आणि उरलेल्या दशम्या फलाटभर झाल्या. मग त्यांनी ती वळकटी पुन्हा बांधायला घेतली. तो प्रकार बघवेना म्हणून चणे विकणारा एक पोरगा टोपली खाली ठेवून आला, "सरका, काका" म्हणाला आणि त्याने दोन मिनिटांत ती बांधून दिली. आम्ही स्टेशनाबाहेर पडेपर्यंत त्या पोराचं नाव, गल्ली, बापाचा धंदा सगळं साहेबांना कळलं होतं आणि रविवारी मैदानावर यायचं त्याने कबूलही केलं होतं. मी मनात म्हटलं, काय वेंधळा माणूस नशिबी आलाय!

जालन्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उंच, वाळका देह, गुडघ्यापर्यंत खाकी हाफ पँट, वर काळा अल्पाकाचा कोट आणि त्यावर जरीची टोपी. वरचा भाग कचेरीत चालला आहे आणि खालचा मैदानावर, असं त्यांच्याकडे बघून वाटे, आणि ते बरंचसं खरंही होतं.

आमची संस्था पोरांची होती. बारा ते अठरा वयाची मुलं गोळा करायची, त्यांची पथकं उभी करायची, त्यांच्याकडून जत्रेत पाणीवाटप, साथीत औषधवाटप, रस्त्याची डागडुजी असली कामं करून घ्यायची आणि त्यातून ती शहाणी होतील अशी आशा धरायची. संस्था सरकारी नव्हती. चार भल्या माणसांच्या वर्गणीवर चालायची. आमच्या भागाचे पगारी संघटक म्हणजे उस्ताद, आणि त्यांच्या हाताखाली अंबड तालुक्यासाठी उमेदवार म्हणजे मी.

'पगारी' हा शब्द आमच्या घरात कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता. अंबडजवळच्या गावात आमची शेती. वडील म्हणाले, "पोरं खेळवायचा पगार? तुझ्या मायनं पाच सांभाळले, तिला कोण देतंय?" मामा अंबडच्या तहसील कचेरीत कारकून होते. त्यांनी माझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवली होती. माझी उमेदवारी सहा महिन्यांची. सहा महिन्यांत मी अंबडला निदान बारा पोरांचं पथक उभं करायचं, मग हैदराबादहून सदर दफ्तराचे मोठे साहेब येऊन मुआयना, म्हणजे तपासणी करणार आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. मामाची खुर्चीही तेवढेच सहा महिने थांबणार होती. कायम झालो नाही तर मुकाट्याने त्या खुर्चीत बसायचं, असा वडिलांशी करार झाला होता.

मला हे काम मनापासून हवं होतं. चौदा वर्षांचा असताना पटकीच्या साथीत मी अशाच एका पथकात घरोघर उकळलेलं पाणी पोचवलं होतं. तेव्हा एका म्हाताऱ्याने मला पहिल्यांदा 'अहो' म्हटलं. एवढंच कारण. ते वडिलांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

उस्ताद चालताना दोन्ही हात पाठीमागे घेत आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट पक्कं धरून ठेवत. एकदा बाजारात एका नव्या शिपायाने त्यांना थांबवून विचारलं, "तुम्हाला पकडून कोण नेत होतं? तो कुठं गेला?" उस्ताद म्हणाले, "मीच नेऊन राह्यलो. सुटला तर लई त्रास देतो." शिपाई बराच वेळ त्यांच्यामागून चालत गेला म्हणतात.

सेठजींच्या सरकीच्या दुकानावर माळवदाची एक खोली होती, तिथे ते भाड्याने राहत. सेठजींचं घराणं तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातून आलेलं. प्रत्येक धंद्याची नाडी त्यांना कळे, पण आपल्या भाडेकरूचा धंदा काही कळत नसे. एका संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोरच विचारलं, "मास्टरजी, एक बार समझाओ. माल काय, गिऱ्हाईक कोण?"

"बारा वर्षांचं पोरगं येतं, अठरा वर्षांचं होऊन जातं," उस्ताद म्हणाले. "तेच माल, तेच गिऱ्हाईक."

"आणि नफा?"

"तो त्याच्या घरी जातो."

सेठजींनी कपाळाला हात लावला. पण पुढच्याच रविवारी त्यांनी आपला नातू मैदानावर पाठवला. जिथे नफा आहे तिथे आपलं कुणीतरी असलेलं बरं, असा त्यांनी विचार केला असावा.

चार पोरं एका रांगेत उभी करायची तरी त्या काळी आधी हैदराबाद सरकारची परवानगी काढावी लागे. अर्ज उस्ताद स्वतः लिहीत, झोकदार उर्दूत. एकदा शिबिराच्या अर्जात त्यांनी लिहिलं, पंचवीस मुलं, दोन तंबू, दोन देगच्या. कचेरीतून कागद परत आला : देगच्यांचा उद्देश काय? उस्तादांनी उत्तर पाठवलं, खिचडी. पुन्हा कागद आला : खिचडीनंतर देगच्यांचं काय करणार? उस्तादांनी लिहिलं, घासणार. परवानगी मिळाली तेव्हा शिबिराची तारीख उलटून आठ दिवस झाले होते. उस्तादांनी तो कागद फेकला नाही. पुढच्या शिबिरात तो पोरांना मोठ्याने वाचून दाखवला आणि मग घासायला कुणी नाही म्हणेना.

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो.

अंबडला मी पहिल्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी वडाखाली खेळ मांडला. डोळ्यांवर पट्टी बांधून एकवीस गाठी मारल्या, दोन बांबूंची शिडी केली, एकट्याने तंबू ठोकला. शंभरएक पोरं जमली. टाळ्या पडल्या. मी नावं लिहायला वही काढली तर समोर तिघे उरले होते आणि त्यातला एक माझ्या मामाचा मुलगा होता. दुसऱ्या बाजारी तेच, तिसऱ्या बाजारी तेच. उस्ताद एकदा जालन्याहून बघायला आले. सगळा खेळ त्यांनी हात मागे बांधून पाहिला आणि म्हणाले, "तमाशा बराबर झाला. आता तिकीट लावा."

मला राग आला. मी म्हणालो, "मग चुकलं काय?"

"काहीच चुकलं न्हाई, तेच चुकलं. समदं तुमीच केलं. पोरानं यायचं कशाला? टाळ्या वाजवायला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. स्टेशनावरची वळकटी, मैदानावर नेहमी आडवा होणारा तंबू, पोरांनी "उस्ताद, सरका, सरका" म्हणत त्यांच्या हातातून ओढून घेतलेली प्रत्येक वस्तू! हा सगळा डाव होता तर. उस्ताद मुद्दाम चुकायचे. ते पोरांची नुसती नावं सांगतच नसत; "मला कंदील लावायला शिकवलं, त्यो ह्यो," "ह्यानं मला नकाशा सरळ धरून दिल्ता," अशी ओळख करून देत, आणि ज्याची ओळख दिली तो पोरगा वीतभर उंच होई. धन्य आहे, म्हटलं मी, काय अभिनय!

पुढच्या बाजारी मीही मुद्दाम चुकलो. तंबूचा खांब उलटा रोवला, दोर भलतीकडे बांधला आणि "अरेरे, आता कसं करावं बरं?" असं मोठ्याने म्हणालो. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. दगडू नावाचा एक काळासावळा, तोंडाळ पोरगा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, नाटक करून राह्यले काय? परवा तर डोळे झाकून बांधलं." सगळे हसले आणि गेले. त्या दिवशी मामाच्या मुलानेही नाव काढून घेतलं.

चार महिने सरले. मी रडकुंडीला आलो होतो. मामा वाटेत भेटले की खुर्चीला नवीन वेत विणून घेतल्याचं सांगत.

शेवटी उरलेल्या दोन पोरांना घेऊन मी मत्स्योदरीच्या डोंगराखाली एक दिवसाचं शिबिर लावलं. गावातली रिकामी पोरं तमाशा बघायला आलीच. दुपारी तीन दगडांची चूल मांडली आणि पीठ भिजवलं. आता, भाकरी मला खरोखर येत नव्हती. आईने कधी चुलीजवळ बसूच दिलं नव्हतं आणि हैदराबादच्या शिक्षणात भाकरीचा तास नव्हता. पहिली भाकरी हातातच फाटली. दुसरी तव्यावर पडली ती घडी होऊन. तिसरी मी थापतोय तोवर दगडू कळवळून ओरडला, "अहो, पीठ मळा की आधी! माय नसलेल्याला तरी इतकं कळतं!" त्याची आई लहानपणीच गेली होती, बापाच्या आणि स्वतःच्या भाकऱ्या तोच भाजायचा. त्याने मला खांद्याने बाजूला सारलं आणि बसला. मग कुणी लाकडं आणली, कुणी शेतातून हिरव्या मिरच्या आणल्या, एकाने घरून लोणचं पळवून आणलं. मी खरोखर लाजून बाजूला उभा होतो. संध्याकाळपर्यंत चौदा नावं झाली होती. दगडूने स्वतःचं नाव सगळ्यांच्या वर लिहायला लावलं, कारण "मास्तरला मीच शिकवलं."

उस्तादांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की जरीची टोपी पडली. म्हणाले, "सापडलं ना येत नसलेलं एक! जपून ठेवा."

मुआयना राजूरला ठरला. अंगारकीला राजूरच्या गणपतीला अफाट गर्दी होते आणि देऊळ टेकडीवर. म्हाताऱ्या-पांगळ्यांना पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून आमची पोरं दोन बांबू, घोंगडी आणि दोर यांची डोली बांधून त्यांना वर नेत. जालन्याची सव्वीस आणि अंबडची चौदा, अशी चाळीस पोरं पायथ्याशी रांगेत उभी होती. हैदराबादचे साहेब आले होते. गोरेपान, शांत, शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेले. दर्शनाच्या निमित्ताने माझे वडीलही बैलगाडी घेऊन आले होते आणि गर्दीत सगळ्यात पुढे, काठीवर हनुवटी टेकून उभे होते. पोराची नोकरी एकदा डोळ्यांनी बघतो, म्हणाले होते.

साहेबांनी रांग पाहिली, नखं पाहिली, समाधानाने मान हलवली. मग म्हणाले, "सब लाइन में रहेंगे. कोई हिलेगा नहीं. डोली पहले उस्ताद बांधेंगे. लड़कों ने सीखा किससे है, हम देखेंगे."

डोलीत बसायला एक म्हातारी आधीच येऊन ठेपली होती. उस्ताद खाली बसले. त्यांनी दोर बांबूभोवती फिरवला, ओढला. सुटला. पोरं हसली, मीही हसलो. उस्तादांचा खेळ सुरू झाला म्हटलं. त्यांनी पुन्हा फिरवला. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं आणि माझं हसू थांबलं. ती बोटं खरंच चाचपडत होती. कपाळावर घाम होता. हा खेळ नव्हता. उस्तादांना गाठ येतच नव्हती!

रांगेत चाळीस पोरं चुळबुळत होती, पण हुकूम होता, कुणी हललं नाही. म्हातारी म्हणाली, "बांधा की रे बाबांनो लवकर. वर गणपती म्हातारा व्हायलाय."

साहेबांचा चेहरा आवळला. ते माझ्याकडे वळले. "अब आप. आपके कागज में तो इक्कीस गिरहें लिखी हैं."

मी पुढे झालो. उस्तादांनी दोर माझ्या हातात दिला आणि ते उठून उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला फक्त दोन विळखे घालायचे होते. दोन विळख्यांत मी कायम झालो असतो, वडिलांची मान ताठ झाली असती, मामाची खुर्ची मामाला लखलाभ. आणि त्याच दोन विळख्यांत उस्ताद चाळीस पोरांसमोर आणि सदर दफ्तरासमोर उघडे पडले असते. माझे कान तापले. मी दोर खाली ठेवला.

"नहीं आता, साहब," मी म्हणालो.

गर्दीतून वडिलांच्या काठीचा आवाज आला. मी तिकडे पाहायचं टाळलं.

साहेबांनी उस्तादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोनों को नहीं आता?"

"साहेब," रांगेतून दगडूचा आवाज आला. तो हलला नव्हता, पण ओठ काही त्याच्या ताब्यात नव्हते. "आमी बांधू का? म्हातारी उन्हात हाय."

साहेबांनी मान हलवली मात्र, रांग फुटली. जालन्याची पोरं, अंबडची पोरं, सगळी त्या बांबूंवर पडली. "इकडून घे," "ताण," "तिढा दे अजून एक." तीन-चार मिनिटांत डोली तयार. साहेबांनी गाठी हाताने हिसडून पाहिल्या, बुटाने दाबून पाहिल्या. तरी त्यांच्या चेहऱ्यावरची शंका जाईना. तेव्हा म्हातारी म्हणाली, "आधी तूच बसून बघ की बाबा. पडलास तर मी पायी जाते."

आणि साहेब बसले! शेरवानी सावरून, टोपी धरून, डोलीत. चार पोरांनी उचललं आणि वीसेक पायऱ्या नेलं. खाली लोकांनी "मोरया!" केलं. खालून म्हातारीचा आवाज वीस पायऱ्यांवर ऐकू गेला, "बास झालं, आता उतर. माझी बारी हाय." साहेब उतरले, तेव्हा हसत होते. त्या दिवशी पोरांनी एकोणतीस म्हातारी माणसं वर नेली आणि सुखरूप खाली आणली.

दुपारी साहेबांनी तिथेच शेरा लिहिला आणि मला वाचून दाखवला. उमेदवारास कायम करावे. उमेदवारास गाठी येत नाहीत, तरी उस्तादांनी त्या त्यास शिकवाव्यात. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या प्रशस्तिपत्रकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तो कागद चार घड्या करून मला परत दिला. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही.

उस्ताद पोरांच्या गाड्या रवाना करत होते. मी जवळ गेलो. म्हणालो, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम चुकता."

"सुरवातीला मुद्दामच चुकत व्हतो," ते म्हणाले. "समदं यायचं मला. पर सतरा वर्सं झाले, दोर हातात घेतला की कुणीतरी वढून घेतंय. मंग हात इसरले. ह्ये आज कळलं, मलाबी." त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "आनि तुमाला खोटं बोलता येत न्हाई, उमेदवार. कान लालभडक झाल्ते." मग ते थांबले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "उमेदवार न्हाई आता. चुकलं."

वडील गाडी जुंपून वाटेवर थांबले होते. उस्तादांना जालन्यापर्यंत सोडायचं होतं. ते मागे पोत्यांना टेकून बसले, मी पुढे वडिलांशेजारी. राजूर मागे पडलं. मग एकदम वडील म्हणाले, "येत न्हाई म्हनलास. चारचौघांत."

"हो."

"दावं तर तू सात वर्सांचा व्हतास तवापासून बांधतोस."

मी टोपी कानांवर ओढून घेतली.

"त्यो तू सांगितलेला भाकरवाला पोरगा," वडील म्हणाले. "कसा पुढं झाला! मी औत तुझ्या हाती कधी दिलंच न्हाई. तास वाकडं जाईल म्हून. कासराबी न्हाई दिला." त्यांनी घसा साफ केला. "मामाला सांगतो, ती खुर्ची दुसऱ्या कुनाला द्या म्हून. धर."

आणि त्यांनी कासरा माझ्या हातात दिला. बैलांना लगेच कळलं की धरणारा नवा आहे. पहिल्याच वळणावर चाक चाकोरी सोडून बाजूच्या कापसात घुसलं. वडिलांचा हात कासऱ्याकडे आलाच.

"पाटील," मागून उस्तादांनी हाक दिली, "यंदा तुमच्याकडं बोंडं कशी हाईत वो? मला कापसातलं काई कळत न्हाई."

वडील मागे वळून त्यांना कापसाचं सांगायला लागले आणि मी हळूहळू गाडी पुन्हा वाटेवर आणली.